ऐकून घेण्याची रीत

१० जून १९७२ च्या रात्री रांची येथील राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाचे काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहाच्या कुंपणभिंतीवर येऊन बसले, काही वेळाने आवारात उतरले, विवस्त्र होऊन तेथे फिरले, खिडक्यांशी जाऊन एकीचा हात ओढू लागले, आणि त्यांपैकी काही जण नळांवरून चढून, ज्या गच्चीवर मुली अभ्यास करीत बसल्या होत्या तेथवर पोचले. छत्तीस मुलींची तक्रार प्राचार्यांकडे गेली व प्राचार्यांनी तिघांची चौकशी-समिती नेमली. ह्या समितीने मुलींचे जबाब आरोपित विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले, त्यांची छायाचित्रे इतरांच्या छायाचित्रांत मिसळून ओळख पटवून घेतली, मग एकेकाला बोलावून त्याच्यावरील आरोप त्यास समजावून दिला आणि त्याचे म्हणणे लेखी घेतले. चौघांस दोन शैक्षणिक सत्रांसाठी महाविद्यालयातून काढण्यात आले. साक्षीदार आमच्यासमक्ष तपासले नाहीत, उलटतपासणीची संधी दिली नाही, सबब ही चौकशीच बेकायदा होय, अशी हरकत घेऊन ते वरच्या न्यायालयांत गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. निकालपत्र न्या. पालेकरांचे आहे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे सर्व प्रसंगी एकाच साच्यात बसविता येत नाहीत, आणि ज्यांच्या भीतीने मुली दार लावून बसल्या त्यांच्यासमोरच उभे राहून साक्ष द्या असे त्यांना सांगणे म्हणजे साक्षच न देण्याची व्यवस्था करणे होय, असा त्यातील विचाराचा आशय आहे.

स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या ह्या विषयावर पन्नास वर्षांत पुष्कळ कायदा झाला, नियम झाले, परिपत्रके निघाली; तथापि मूळ प्रश्न रांचीच्या त्या समितीपुढे होता तोच आजही प्रत्येक महाविद्यालयाच्या समितीपुढे आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या समोर बोलू शकत नाही, आणि दुसऱ्या पक्षाला त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून शिक्षा देता येत नाही. ह्या दोहोंचा मेळ घालण्याची जी रीत, तिलाच सुनावणी म्हणावयाचे. ही रीत म्हणजे आरोपिताला दिलेली सवलत होय असा समज आपल्याकडे, विशेषतः तक्रारदार मुलीविषयी ज्यांना कळकळ वाटते अशा मंडळींत, बराच रूढ आहे. माझे मत नेमके उलट आहे. व्यवस्थित झालेली सुनावणी हे तक्रारदार मुलीचेच संरक्षण आहे, आणि ती घाईने किंवा हेळसांडीने उरकली गेली की तिची किंमत शेवटी मुलगीच मोजते.

राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी ह्या ‘साथीन’ (गावपातळीवरील सरकारी कार्यकर्ती) म्हणून काम करीत असता बालविवाह रोखण्यास गेल्या आणि १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उद्भवलेल्या ‘विशाखा’ याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांचे नाव इतके रुजले, की आजही महाराष्ट्रातील पुष्कळ महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीला ‘विशाखा समिती’च म्हणतात. त्यानंतरचे पाऊल मात्र पुण्यातून पडले, आणि त्याची आठवण मराठी वाचकांना क्वचितच असते. ‘आलोचना’ ह्या पुण्याच्या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले ह्यांनी विशाखा निर्णयाची अंमलबजावणी होत नाही अशी तक्रार पत्राने सर्वोच्च न्यायालयास कळविली आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. तोवरची अडचण अशी, की समितीने चौकशी करून अहवाल दिला तरी तो केवळ प्राथमिक मानला जाई. मग नियमानुसार खातेनिहाय चौकशी नव्याने सुरू होई आणि तीच स्त्री तीच हकीकत पुन्हा दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे, पुन्हा त्याच माणसाच्या समोर सांगे. २६ एप्रिल २००४ च्या आदेशाने न्यायालयाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल समजला जावा असे ठरविले. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी अंतिम निर्णय देताना तेच कायम केले. स्त्रीचा एक वनवास त्यामुळे संपला. त्याच क्षणी समितीवर मात्र न्यायाधिकरणाचा भार आला, कारण जिच्या अहवालावर एखाद्याची नोकरी जाऊ शकते किंवा एखाद्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून उतरू शकते, तिला आता ‘आम्ही फक्त विचारपूस केली’ असे म्हणता येत नाही. हा भार आपल्यावर आला आहे हे बहुतेक समित्यांच्या ध्यानी अद्याप आलेले नाही. माझ्या मते अर्धे दुखणे तेथेच आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्या वर्षी ९ डिसेंबरला अमलात आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी २०१५ चे स्वतंत्र विनियम मे २०१६ मध्ये अधिसूचित केले. विनियमांतील समितीची घडण विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला प्राध्यापक, महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाहून कनिष्ठ नसलेली; दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी; प्रकरणात विद्यार्थी गुंतले असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन स्तरांवरून निवडणुकीने आलेले तीन विद्यार्थी; स्वयंसेवी संस्थेतून बाहेरचा एक सदस्य; आणि एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदांवरील व्यक्तींनी समितीत असू नये, हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्याच्या सहीने रजा मंजूर होते आणि ज्याच्या शेऱ्यावर बढती अवलंबून असते, त्याच्या शेजारी बसून निर्भयपणे मत देणे कोणाला जमेल? ‘परिसर’ ह्या कल्पनेची व्याप्तीही विनियमांनी वाढविली आहे. वसतिगृह, महाविद्यालयाची बस, शैक्षणिक सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, महोत्सव हे सारे तीत येते. तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात एखाद्या खेड्यातील शाळेच्या ओसरीवर घडलेली गोष्ट महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरची म्हणून झटकता येत नाही.

प्रत्यक्षात काय होते? तालुक्याच्या गावचे एखादे अनुदानित महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे. निम्म्या जागा रिक्त, शिकविणारे बरेचसे तासिका तत्त्वावर, सहयोगी प्राध्यापक पदावरील महिला शोधूनही सापडू नये अशी स्थिती. मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार असली की समित्यांची यादी टंकलिखित होते, सदस्यांच्या सह्या घेतल्या जातात, कधी झालीच नाही अशा सभेचे इतिवृत्त दप्तरात जाते. बाहेरचा सदस्य म्हणून संस्थाचालकांच्या परिचयातील कोणाचे तरी नाव असते, विद्यार्थी-प्रतिनिधी प्राचार्यांनी सुचविलेले असतात. मग एके दिवशी खरोखरच एक मुलगी अर्ज घेऊन येते, आणि प्रथम तिला जे ऐकावे लागते ते समितीपुढे नव्हे तर व्हरांड्यात: ‘बाळ, नीट विचार कर’, ‘कॉलेजची बदनामी होईल’, ‘तुझंच लग्न जमायला अडचण येईल’, ‘आपसात मिटवून टाकू या’. समेटाची वाट कायद्यात आहे, परंतु ती स्त्रीने मागितली तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर समेट करता येत नाही. प्राचार्यांनी किंवा संस्थेच्या सचिवांनी समेट सुचविणे हा कायद्याचा भंग होय, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे.

अर्ज दाखल झाला की घड्याळ सुरू होते. सात दिवसांत त्याची प्रत प्रतिवादीकडे जावयाची, त्याने दहा दिवसांत आपली कैफियत, कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे द्यावयाची, चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची. ह्या मुदती पाळल्या जातात किंवा जात नाहीत. पण पहिल्या दोन दिवसांत करावयाची जी कामे, त्यांजकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते. मार्गिकेतील कॅमेऱ्याचे चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवा असे लेखी कळविले नाही तर नव्वदाव्या दिवशी तेथे काहीच उरत नाही. प्रयोगशाळेचे वेळापत्रक, हजेरीचे पुस्तक, पहाऱ्यावरील शिपायाची नोंदवही, दूरध्वनीवरील संदेश त्यांच्या तारखांसह, हे सारे पहिल्या दिवशीच हस्तगत करावे लागते. तितकेच निकडीचे काम अंतरिम संरक्षणाचे. ज्या मुलीने तक्रार केली तिच्या तोंडी परीक्षेचे व अंतर्गत गुण, आणि संशोधक विद्यार्थिनी असेल तर तिच्या प्रगती-अहवालावरील सही त्याच मार्गदर्शकाच्या हाती राहिली, तर पुढील सर्व सुनावणी निरर्थक ठरते. प्रतिवादीने तिचे मूल्यमापन करू नये अशी शिफारस समितीला करता येते. ती पहिल्याच बैठकीत व्हावी.

आता जबाबाकडे वळू. माझ्या दृष्टीने सुनावणीचे सारे मर्म ह्या एका कामात आहे, आणि तेच सर्वांत निष्काळजीपणे केले जाते. समजा मुलगी म्हणते, ‘सरांनी दार लोटून घेतलं, जर्नल दाखव म्हणाले, आणि पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही, मी खुर्ची सरकवली तर तेही सरकले.’ हे ऐकून संकोचलेली एखादी सदस्या लिपिकाला सांगते, ‘लिहा, सरांनी अयोग्य वर्तन केले.’ ह्या चार शब्दांत दार नाही, जर्नल नाही, सरकलेली खुर्ची नाही. म्हणजे ज्या तपशिलांवरून खरेखोटे ताडून पाहता आले असते ते सगळेच सभ्यतेच्या हव्यासापायी पुसले गेले. चार महिन्यांनी अपिलात हा कागद वाचणारा म्हणेल, की तक्रार मोघम आहे. तेव्हा जबाब तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने, प्रथम मध्ये न बोलता ऐकून उतरावा. मग वाचून दाखवावा, दुरुस्त्या तिच्या हाताने कराव्यात, प्रत्येक पानावर सही घ्यावी आणि एक प्रत तिला द्यावी.

प्रश्नांचेही तसेच. ‘तू ओरडली का नाहीस?’, ‘एकटी का गेलीस?’, ‘इतके दिवस गप्प का बसलीस?’ हे प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कित्येकदा दुष्टावा नसतो. पण त्यांतून वस्तुस्थिती काहीच निष्पन्न होत नाही आणि मुलगी मात्र स्वतःच आरोपी असल्यासारखी खुर्चीत आक्रसते. त्या वेळी शेजारच्या खोलीत कोण होते, दाराला कडी होती की नुसते लोटलेले होते, बाहेर पडल्यावर प्रथम कोणाशी बोलणे झाले, हे विचारावे. प्रतिवादीला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि तो नाकारू नये. त्याने ते लेखी द्यावेत, अध्यक्षांनी मुलीच्या पूर्वायुष्याविषयीचे व पोशाखाविषयीचे प्रश्न वगळून, वगळल्याची कारणे नोंदवून, उरलेले स्वतः विचारावेत, उत्तरांची प्रत त्यास द्यावी. समोरासमोर न आणता उलटतपासणीचा हेतू साधण्याची ही सरळ वाट आहे. पक्षकारांना वकील आणता येत नाही असे २०१३ चे नियम सांगतात. त्यामुळे रीत सांभाळण्याची सगळी जबाबदारी अध्यक्षांवर येते.

पुरावा किती लागतो ह्याविषयीही गैरसमज आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. येथे दोन्ही बाजू तोलून अधिक संभवनीय काय ते ठरवावयाचे असते. १९९९ साली एका निर्यात प्रोत्साहन मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की अशा प्रकरणांत किरकोळ विसंगतींवर किंवा तांत्रिक काटेकोरपणावर न अडखळता प्रकरणाच्या व्यापक संभाव्यतेकडे पाहिले पाहिजे. आणि तक्रार शाबीत झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे स्वतंत्र चौकशीने सिद्ध झाल्याखेरीज कारवाई करता येत नाही, असे कायद्याच्या चौदाव्या कलमातच आहे. ‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच उलटेल’ अशी जी भीती मुलींना घातली जाते, तिला कायद्यात आधार नाही.

ह्या सर्वाची परीक्षा ज्या एका प्रकरणात झाली ते गोवा विद्यापीठाचे. मार्च २००९ मध्ये तेथील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या आणि त्या स्थायी समितीकडे गेल्या. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ५ जूनपर्यंत समितीने १८ बैठका घेतल्या. प्रतिवादीने प्रकृतीच्या कारणाने मुदत मागितली, साक्षींना उत्तर देण्यास वेळ मागितला. समितीने काम न थांबविता प्रकरण एकतर्फी चालविले आणि ५ जूनला अहवाल देऊन टाकला. पुढे त्यांस बडतर्फ करण्यात आले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी २०११ साली अपील फेटाळले, मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली याचिका फेटाळली. आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे रद्द करून, ५ मे २००९ रोजी चौकशी जेथे होती त्या टप्प्यापासून ती पुन्हा चालवावी व तीन महिन्यांत संपवावी असा आदेश दिला. तक्रारदारांना लवकर न्याय मिळावा ह्या तळमळीने समितीने केलेल्या घाईमुळेच त्यांचे अधिक नुकसान झाले, असे न्यायालयाने नोंदविले आहे.

ह्या निकालाकडे पुरुषाचा विजय म्हणून पाहणारे आहेत आणि स्त्रियांवरील अन्याय म्हणूनही पाहणारे आहेत. मला त्यात चौदा वर्षे दिसतात. पदवीच्या किंवा पदव्युत्तर वर्गात असताना ज्यांनी धैर्य करून अर्ज दिला, त्यांच्या शिक्षणाचा, नोकरीचा, संसाराचा एवढा काळ उलटून गेल्यावर त्यांना सांगण्यात आले, की ही चौकशी पुन्हा चालवावी लागेल. समितीने प्रतिवादीला आणखी पंधरा दिवस दिले असते, त्याची उत्तरे घेतली असती, कारणांसह नोंद केली असती, तर अहवाल जूनऐवजी जुलैत झाला असता आणि वरच्या प्रत्येक पायरीवर टिकण्याची शक्यता कितीतरी वाढली असती. त्या समितीतील व्यक्तींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. उणीव होती ती शिक्षणाची. आजही आपण इतिहासाच्या वा रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या हाती, एका दिवसाचेसुद्धा प्रशिक्षण न देता, दिवाणी न्यायालयाचे साक्षीदार बोलावण्याचे व कागद हजर करविण्याचे अधिकार सोपवितो आणि तिने चूक करू नये अशी अपेक्षा धरतो.

दुसऱ्या टोकाला ओडिशातील बालासोरचे फकीरमोहन महाविद्यालय आहे. तेथील एका विद्यार्थिनीने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली, समितीकडे गेली, दाद मागत राहिली; आणि १२ जुलै २०२५ रोजी महाविद्यालयाच्या आवारातच तिने स्वतःस पेटवून घेतले. १४ जुलैला ती भुवनेश्वरच्या रुग्णालयात वारली. ह्या प्रकरणी प्राचार्य आणि तो विभागप्रमुख ह्यांना अटक झाली. त्या मुलीविषयी लिहिताना हात जड होतो. समितीची चौकशी कागदावर सुरू असणे आणि आपले ऐकले जात आहे असे तक्रारदारास वाटणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. पुढील तारीख कोणती, आज काय झाले, मला संरक्षण कोणते मिळाले, हे तिला प्रत्येक टप्प्यावर लेखी कळविणे हे समितीचे कर्तव्यच मानले पाहिजे.

तक्रारीच्या मुदतीविषयी थोडे. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यावयाचा, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यापुढे दार बंद. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार ह्याच कारणाने फेटाळली गेली आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले, मात्र हा निकाल त्यांच्या परिचयपत्रात नमूद व्हावा असाही आदेश दिला. ज्या मार्गदर्शकाच्या हाती चार वर्षांचे संशोधन आहे त्याच्याविरुद्ध सहा महिन्यांत तोंड उघडणे किती मुलींना शक्य होईल ह्याचा संसदेने फेरविचार करावा. दुसरी गोष्ट खास महाराष्ट्राची. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात. तक्रारदार अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविल्यास संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपल्या समितीत पाहू’ असे म्हणण्याची मुभा तेथे नाही.

अहवाल झाला की तो व्यवस्थापनाकडे जातो, आणि तीस दिवसांत त्यावर कारवाई करावी किंवा न करण्याची कारणे लिहून द्यावीत असा विनियम आहे. विद्यार्थी दोषी ठरला तर ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती ह्या सवलती काढून घेण्यापासून नाव कमी करण्यापर्यंत शिक्षा आहेत, समुपदेशन आणि समाजसेवाही आहे. नावे गुप्त राखणे हे शेवटपर्यंत बंधनकारक असून माहितीच्या अधिकाराखालीही ती देता येत नाहीत. आवक बारनिशीत मुलीचे नाव न लिहिता केवळ क्रमांक घालावा आणि कागद बंद लखोट्यात ठेवावेत, एवढी साधी खबरदारी कोणत्याही कार्यालयास घेता येईल.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती एवढीच, की समितीतील प्रत्येक सदस्याला वर्षातून एकदा तरी जबाब घेण्याचे, नोंद ठेवण्याचे आणि कारणांसह निष्कर्ष लिहिण्याचे शिक्षण जाणत्या माणसाकडून द्यावे, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. आणि पालकांना सांगणे असे, की जूनमध्ये मुलीचा प्रवेश घेताना शुल्काची पावती विचारता तसे हेही विचारा: समितीच्या अध्यक्षा कोण, बाहेरचे सदस्य कोण, ते तीन विद्यार्थी-प्रतिनिधी केव्हा निवडून आले. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि समितीच न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. फलकावर नावे नसतील तर ती लेखी अर्ज करून मागावीत.